चावण्याचा आवाज

माझ्या नातीनं मला माझ्याच घरात, माझ्याच ताटावर बसून, चावायला शिकवलं. माझ्या तोंडात दात म्हणावेत असे मोजकेच उरलेत, त्यांचा मेळ घालत मी माझं माझं जेवत होते. समोर ही बसलेली. घास हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आजी, हळू चाव ना."

"काय म्हणालीस?"

"हळू चाव. फार आवाज येतो."

माझ्या सासूनं कधी मला असं सांगितलं नाही, आणि ती काही साधी बाई नव्हती. मी ताट सरकवलं. म्हटलं, "तुझ्या बापाला बोळ्यानं दूध पाजलं या हातांनी, आणि आज तू माझ्या जबड्याला शिस्त लावतेस?" ती उठली आणि हात न धुताच शेडकडे, आपल्या अभ्यासाच्या टेबलाशी, निघून गेली. ताट तसंच राहिलं. सून ताटाकडे बघत बसली, मी सुनेकडे.

मुलगा मात्र हसला. "आई, अभ्यासाचं डोकं आहे ते. हुशार माणसांना आवाज सोसत नाही. उद्यापासून आपण मागच्या पायरीवर जेवत जाऊ."

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं मागच्या पायरीवर बसून चोरासारखे जेवायला लागलो. मुलाला ठसका लागला तरी तो तोंडावर पंचा धरून खोकायचा. शेजारची शिंपीण कुंपणावरून बघून म्हणाली, "घरात कुणी बाळंतीण आहे का हो? एवढं गुपचूप चाललंय ते!"

आमचं घर रेशमाच्या किड्यांचं. ही शेड मी उभी केली. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, बाई आता शेत बटईनं देईल. मी त्याच शेतात तुती लावली, किडे आणले आणि गावातल्या कुणाहीपेक्षा जड कोष काढून दाखवले. मला लिहिता येतं ते माझं नाव, आणि तेही सावकाश. पण शेडमध्ये पाऊल टाकलं की किडा भुकेला आहे, झोपलाय की आजारी आहे, हे मला वासावरून कळतं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे, थोडं फुशारकीनंच.

नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणी एका जागी ठरायची नाही, अंगणात गरागरा फिरायची आणि चक्कर येऊन पडली की हसत सुटायची. आता सतरा संपत आलेली. यंदा तिची मोठी परीक्षा होती, आणि त्यावरूनच डॉक्टरकीला जागा मिळणार की नाही ते ठरायचं होतं. माझ्या मुलाची शाळा अर्ध्यात सुटली. कोष विकायला जातो तिथला साहेब याला "ए किडे, इकडे ये" अशी हाक मारतो. हा जातो, हसून जातो, आणि घरी येऊन गडूभर पाणी उभ्यानंच पितो. लेक जन्मली त्याच दिवशी त्यानं ठरवलं होतं, हिच्या नावाआधी डॉक्टर लागणार. ती पहिली आली की हा गावभर सांगत फिरायचा. ती दुसरी आली त्या दिवशी जेवला नाही. रागावला मात्र नाही, हे कबूल करायला हवं. नुसता जेवला नाही. पोरगी त्याच्या ताटाकडे बघत राहिली.

आमची चूक म्हणायची तर एक झाली, आणि ती किडे पाळणाऱ्या घरातच होऊ शकते. गावात उन्हाळ्यात सगळ्यांत गार आणि निवांत जागा कुठली? किड्यांची शेड. खिडक्यांना ओली पोती, दाराशी चुन्याचं पाणी, पाय बुडवल्याशिवाय कुणी आत यायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, विडी नाही, वासाचं तेल नाही. मुलगा म्हणाला, "राजवाड्यात मिळायची नाही अशी खोली आहे." शेडच्या तोंडाशी पाला ठेवायची छोटी खोली आहे, तिथं त्यानं टेबल मांडलं. पलीकडे किडे, अलीकडे नात. मधे एक पोत्याचा पडदा. मलाही ते पटलं. आमच्याकडे जे नाजूक असतं ते आम्ही तिथं ठेवतो.

उन्हाळ्यातली बॅच वैऱ्यावर येऊ नये. वारा असा सुटतो की फांदी तोडून खांद्यावर घ्यावी तोवर पानं मलूल. आम्ही पहाटे विळे घेऊन तुतीत शिरायचो. मी आणि सून कापायचो, मुलगा भारे वाहायचा. पाठ ताठ करायला म्हणून उभं राहिलं की डोळ्यांपुढं काळं यायचं. मग पाला ओल्या पोत्याखाली झाकायचा, पोत्यांवर पुन्हा पाणी मारायचं, मांडणीवरच्या किड्यांवर फांद्या अंथरायच्या. किडे शेवटच्या वयात आले की त्यांना दुसरं काही सुचत नाही. खातात. हजारोंनी तोंडं एका वेळी चालतात, आणि सुक्या पाचोळ्यावरून कुणीतरी न थांबता चालत असावं तसा आवाज शेडभर भरून राहतो. त्या आवाजावर मला गाढ झोप लागते. तो थांबला तर जाग येते.

एका दुपारी शिंपीण नातीचे कपडे घेऊन आली. कुंपणाशीच मला थांबवलं.

"काकू, ही शिवण मी दुसऱ्यांदा आत घेतली. आता कापड उरलं नाही आत घ्यायला. पोरीला खायला घालता की किड्यांनाच सगळं?"

"अभ्यास करते. अभ्यासानं वाळतं माणूस."

"माझा भाऊ अभ्यास करून फुगला होता," शिंपीण म्हणाली. "आणि माझ्याकडून सुती चिंध्या नेते ती. विचारलं तर म्हणते कानात घालायला."

मी ते मुलाला सांगितलं. त्याची छाती फुगली. "बघ! कुणी शिकवलं का तिला? एवढी एकाग्रता!" आणि तो बाजारातून चांगला पांढरा कापूस घेऊन आला, टेबलावर ठेवला. पोरीनं कापसाकडे बघितलं आणि बापाकडे बघितलं. "थँक्यू बाबा," म्हणाली. मला तेव्हा वाटलं की ती रडणार आहे. पण रडली नाही, म्हणून मी माझ्या कामाला लागले.

मुलगा आणि सून तालुक्याला क्लास बघायला गेले तो दिवस. शेवटच्या महिन्यात मुलींना वसतिगृहात ठेवून घोकून घेणारा क्लास होता. मी सकाळचा पाला घातला आणि नातीला म्हटलं, "मी वरच्या वाफ्यात कापायला जाते. दुपारचा पाला तू घाल. फांद्या पोत्याखाली आहेत." हे काम तिला नवीन नव्हतं. ती हो म्हणाली.

उन्हं उतरताना मी भारा घेऊन परतले. दाराशी पाय बुडवले आणि तशीच थांबले. आत काही ऐकू येत नव्हतं.

पोतं बाजूला केलं. फांद्या झाकलेल्या होत्या तशाच. मांडणीवर नुसत्या काड्या, आणि त्या काड्यांवर किडे डोकं वर काढून इकडून तिकडे हलवत होते, पान शोधत. हजारो डोकी. मधल्या वाटेत ती जमिनीवर बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून.

"पाला का घातला नाहीस?"

"थांबतात का ते बघत होते."

"कोण थांबतात?"

"खायचे थांबतात का."

माझा हात वर गेला. तो तिच्यावर पडला नाही, कारण तिनं तो चुकवायचा प्रयत्नच केला नाही. मारणाऱ्याला समोरच्यानं थोडं तरी अंग चोरलेलं लागतं. मी शिव्या देत देत फांद्या अंथरायला लागले. "या पोरीनं माती केली, तोंडात आलेला घास..." असं काहीबाही. किडे पानावर तुटून पडले. आवाज सुरू झाला, एका मांडणीवरून दुसऱ्या मांडणीवर पसरत गेला. वळून बघते तर पोरगी भिंतीला टेकली होती आणि डोकं हळूहळू मागं आपटत होती. जोरात नाही. पाळणा हलवावा तसं. डोळे उघडे.

मी मधे हात घातला. तिचं डोकं माझ्या तळव्यावर आपटत राहिलं.

त्या संध्याकाळी घरात प्रत्येकाला कारण सापडलं. मुलगा म्हणाला, "नाटक आहे. परीक्षा आली की पोटात दुखतं ना मुलांच्या, त्यातलाच प्रकार. मी शाळेत असताना हेच करायचो." सून पदरात नाक पुसत म्हणाली, "कुणी मुलगा असेल का हो आई तिच्या मनात?" शिंपीण म्हणाली, रक्त कमी असेल, गूळ द्या. मी सगळ्यांना मान डोलावली. सकाळी मला वाटे नाटकच आहे, दुपारी वाटे आजार आहे, पाणी मारता मारता वाटे की आपण हिला फार लाडावून ठेवलं. माझं डोकं असं कधी होत नाही. मी एकदा ठरवलं की ठरवलं, गाव साक्ष आहे.

शेवटी मुलानंच तोड काढली. "हे किडे उतरले की हिला वसतिगृहात सोडतो. तिथं ना पाला, ना आवाज."

मलाही हायसं वाटलं. दुखणं किड्यांचं असेल तर किड्यांपासून दूर नेलं की संपलं. इतकं सोपं. नातीनं मान डोलावली. फक्त विचारलं, "तिथं एका खोलीत किती जणी असतात?"

किडे पिकले, पिवळसर झाले, चंद्रिकांवर, म्हणजे कोष विणायच्या बांबूच्या चटयांवर, चढले आणि स्वतःभोवती धागा गुंडाळून गप्प झाले. उपाशी राहिल्याचं कोषात दिसलंच. हलके उतरले, बोटानं दाबले की आत जात. साहेबानं ते मुलाच्या डोळ्यांसमोर दाबून दाखवले म्हणे. मुलानं घरी येऊन लेकीला एक शब्द विचारला नाही. पाणी मात्र उभ्यानंच प्याला.

मग शेड रिकामी झाली. काड्या काढल्या, मांडण्या धुतल्या, जमीन ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं घासली. पोती उतरवली तेव्हा ऊन आत आलं आणि सगळं उघडं पडलं. एक मुंगीसुद्धा नव्हती. मी खराटा ठेवायला गेले तर ती मधल्या वाटेत उभी, दोन्ही कानांवर हात.

"आता काय?" मी म्हटलं. "आता तर कुणी नाही."

"अजून खातायत."

"कोण गं?"

"माहीत नाही, आजी."

मी मांडणीला कान लावला. भिंतीला लावला. शेवटी तिला खाली बसवलं आणि तिच्या डोक्याला कान लावला, गाभण गाईच्या पोटाला लावावा तसा. केसांना घामाचा आणि पावडरचा वास येत होता. मला माझाच श्वास ऐकू आला. बाकी काही नाही.

"येतंय का?" तिनं विचारलं. इतक्या आशेनं विचारलं की हो म्हणावंसं वाटलं.

"नाही," मी म्हटलं.

मी काही भोळी नाही. सोंग करणारा माणूस बघणारं गेलं की सोंग उतरवतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी तिला "चहा टाकते" म्हणून बाहेर पडले आणि पाल्याच्या खोलीच्या फटीतून बघत राहिले. वाटलं, आता हात खाली येतील. आळस देईल, फोन काढेल. हात खाली आले नाहीत. ती त्या रिकाम्या शेडमध्ये एकेका मांडणीपाशी जाऊन वाकून बघत होती. खालून, वरून, कोपऱ्यात. सापडलं तर मारून टाकता येईल अशा तऱ्हेनं शोधत होती. मग दमून बसली आणि कुणाला तरी म्हणाली, "बास ना आता."

चहा टाकायचा राहिला. मी आत गेले, तिच्या शेजारी बसले. ती म्हणाली, "कधी कधी वाटतं, मीच नसले तर थांबेल."

मी उठले. घरातले विळे गोळा केले आणि माझ्या खाटेखाली पेटीत घालून कुलूप लावलं. सून म्हणाली, "आई, बैलाला गवत कशानं कापू?" मी म्हटलं, "माझ्याकडे मागायचा. वापरला की परत द्यायचा." तिनं माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटले. सूनबाईला मी मंद समजत आले, पण हे तिला सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा वसतिगृहाचे पैसे भरायला गेला तसं मी नातीला घेऊन सरकारी दवाखाना गाठला. तिथली डॉक्टरीण कोवळी, माझ्या नातीपेक्षा थोडीच मोठी वाटावी अशी. मी म्हटलं, "हिला किड्यांचा आवाज कानात बसलाय. काढून द्या."

तिनं मला बाहेर बसायला सांगितलं. मी बसले नाही. मग नातच म्हणाली, "राहू दे आजीला."

झोप येते का, भूक लागते का, रडू येतं का, काय काय विचारलं. मग विचारलं, "आवाज कधीपासून येतो?"

"सहामाहीपासून."

मी मधेच म्हटलं, "सहामाहीला कुठून येईल? तेव्हा शेड रिकामी होती. थंडीत आम्ही किडे घेत नाही."

"हो आजी," ती म्हणाली. "रिकामीच होती. मी दुसरी आले त्या दिवशीपासून येतो."

माझं तिथंच सगळं उलटंपालटं झालं. म्हणजे किडे नाहीत. पाला नाही. मग त्या दिवशी तिनं त्यांना उपाशी का ठेवलं? मी विचारलं. ती म्हणाली, "खरा आवाज बंद केला तर दुसरा बंद होतो का, ते बघायचं होतं." हे ऐकून मला कळलं का? नाही कळलं. डॉक्टरणीला कळल्यासारखं दिसलं, कारण तिनं लिहिणं थांबवलं. मीच नसले तर थांबेल, हे पोरीनं तिलाही सांगितलं. डॉक्टरणीनं विचारलं, घरात धारेच्या वस्तू कुठं असतात. मी म्हटलं, "माझ्या खाटेखाली. कुलपात." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

ती म्हणाली, हे दुखणं आहे, मनाचं. गोळ्या देते, पण मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा, आणि हिला एकटं सोडू नका.

"वसतिगृहात पाठवायचं म्हणतोय हिचा बाप."

"आत्ता नको."

"बरी होईल ना?"

"बहुतेक होईल. वेळ लागेल."

बहुतेक! डॉक्टरनं बहुतेक म्हणायचं असतं का? मी हलवायाला विचारलं तर तोही ठाम सांगतो. परत येताना गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. मी पानसुपारी तोंडात धरून होते, पण चावली नाही.

घरी पोचलो तर मुलगा अंगणात. पत्र्याची पेटी भरून ठेवलेली, वर दोरी बांधलेली. टेम्पोवाला उद्या सकाळी यायचा होता. मी डॉक्टरणीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. जसं आठवलं तसं, पुढचं मागं झालं असेल.

तो पेटीवर बसला. "मनाचं दुखणं? माझ्या मुलीला वेडी ठरवून आणलीस तू?"

"मी काही ठरवलं नाही. मी विचारून आले."

"आई, गाव काय म्हणेल ते सोड. वर्ष जाईल तिचं. एक वर्ष मागं पडली की बाकीची मुलं पुढं जाऊ देत नाहीत. मला माहीत आहे मागं पडणं काय असतं." त्याचा आवाज फाटला. माझा मुलगा दुष्ट नाही, हे सांगून ठेवते. मग तो लेकीकडे वळला. "तू सांग. तुला खरंच काही ऐकू येतं? आजी तुझ्या शेजारी असते. तिला येतं का ऐकू? आई, तू सांग, तुला आलं?"

"मला नाही आलं."

"झालं तर मग!"

सून दारात उभी, हाताला पीठ लागलेलं. शिंपीण कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती, एकच कपडा बराच वेळ. नात बापाकडे बघत होती. त्याच्या चेहऱ्याकडे, मग त्यानं पेटीला मारलेल्या गाठीकडे. मी तिला बघत होते. तिनं श्वास घेतला, हात अंगाशी सरळ ठेवले आणि शाळेत उत्तर द्यावं तसं म्हणाली,

"नाही येत, बाबा. मी खोटं बोलले. अभ्यास नको होता म्हणून. मी जाते उद्या."

मुलाचा चेहरा असा उजळला की बघवेना. "बघ!" तो म्हणाला. "बघ आई. मी म्हणत नव्हतो?" आणि तो हसायला लागला, तिच्या डोक्यावरून हात फिरवायला पुढं झाला. ती हलली नाही. हात डोक्यावरून फिरत होता आणि तिचा जबडा घट्ट मिटलेला होता, कानापाशी शीर उडत होती.

मला काय कळत होतं तेव्हा? काहीच नाही. आवाज कसला, कुठून येतो, गोळीनं जातो की वर्षानं, दुसरं येणं हे काय दुखणं असतं, यातलं मला आजही सांगता यायचं नाही. पण या पोरीला मी जन्मल्यापासून बघते आहे.

मी पुढं झाले आणि मुलाचा हात तिच्या डोक्यावरून बाजूला केला. तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल, कुंपणापलीकडेसुद्धा, अशा आवाजात मी म्हणाले,

"भिंगरे, हे आत्ता बोललीस ना, हे खोटं. तुझं पहिलं खोटं, आणि तेही तुला नीट जमलं नाही. याआधी सांगितलंस ते सगळं खरं. मला त्यातलं ओ की ठो कळलेलं नाही, तरी खरं. तू कुठं जात नाहीस. त्या पेटीची दोरी सोड आणि कपडे जाग्यावर लाव."